न वाजणाऱ्या वस्तूंवरचा खर्च

जुन्या मोटारीत गाण्याची सोय करणे म्हणजे दुकानातून एक चांगला संच आणून बसवणे, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि नव्या गाड्यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही ठरते, कारण नव्या गाडीत वीज पुरेशी असते, दारात स्पीकरची जागा कारखान्यातूनच सोडलेली असते आणि काचा वर केल्या की आतला भाग बऱ्यापैकी शांत होतो. चाळीस-पन्नास वर्षे वयाच्या गाडीत यांपैकी एकही गोष्ट आयती मिळत नाही. ती आधी निर्माण करावी लागते, आणि पैसे मोजके असतील तर ती कोणत्या क्रमाने निर्माण केली यावर सगळे काम तरते किंवा बुडते. म्हणून पुढील विवेचनात ‘ध्वनियंत्रणा’ हा शब्द रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे क्षीण विद्युतसंकेत बलवान करणारे यंत्र, आणि स्पीकर एवढ्यापुरता वापरलेला नाही. बॅटरीपासून निघणारी तार, त्या तारेचे परतीचे टोक, दाराचा पत्रा आणि दाराचे रबर हेही त्या यंत्रणेचेच भाग मानले आहेत. हे विवेचन पुण्यातील खडकीच्या एका लहान गॅरेजमध्ये, 1978 सालच्या एका प्रीमियर पद्मिनी गाडीवर झालेल्या कामाच्या अनुभवावर आधारलेले आहे.

खडकीत असे काम होणे स्वाभाविक आहे. 1817 च्या नोव्हेंबरात पेशव्यांचे आणि इंग्रजांचे सैन्य येथे भिडले, पुढे छावणी वसली, 1869 मध्ये अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी उभी राहिली, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आले, लष्कराची वाहने दुरुस्त करणारे मोठे वर्कशॉप आले, आणि पलीकडे दापोडीला एस.टी.चे मध्यवर्ती वर्कशॉप सुरू झाले. त्यामुळे खडकी, बोपोडी आणि दापोडी या पट्ट्यात लोखंड, तार आणि यंत्र यांच्याशी हात सरावलेली माणसे पिढ्यान्पिढ्या राहत आली. निवृत्त फिटर घरी स्वस्थ बसत नाही, त्याची हत्यारांची पेटी कधी ना कधी उघडतेच. आणि छावणीच्या जुन्या बंगल्यांच्या किंवा चाळींच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असलेली एखादी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हे त्या हातांना मिळालेले निमित्त असते.

पद्मिनीचे मूळ इटलीतील फियाट 1100 या गाडीत आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि 1974 पासून चितोडच्या राणीचे नाव घेऊन धावू लागली. 1089 घनसेंटीमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट आणि पुढच्या दारांना वारा आत वळवणारी तिकोनी काच, असा तिचा थाट होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा अनेक पद्मिनींच्या मागच्या काचेखालील फळीत दोन लंबगोल भोके पाडून तेथे स्पीकर बसवले गेले, आणि डॅशबोर्ड कापून कॅसेटचे यंत्र घुसवले गेले. आज त्या यंत्रांचा मागमूस उरलेला नाही, भोके मात्र राहिली आहेत.

याच कारणाने या गाडीच्या मालकांनी, जे स्वतः निवृत्त फिटर आहेत, कामाच्या पहिल्याच दिवशी एक अट घातली : “मिस्त्री, पत्र्याला एकही नवं भोक पडता कामा नये.” दुसरी अट अठरा हजार रुपयांची होती. पहिल्या अटीला भावनेइतकाच व्यवहाराचाही आधार आहे. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना त्यांत वेगळी नोंदणी मिळते, मात्र सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. स्पीकरचे एक भोक म्हणजे मोठा फेरफार नव्हे, हे खरे. परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावरील गाडीच्या पत्र्यावर कानस चालवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हा संकेत त्या नियमांतून नक्कीच घेता येतो. जे बसवले ते एका दुपारी स्क्रू काढून उतरवता आले पाहिजे आणि मागे खूण राहता कामा नये, ही मर्यादा म्हणूनच शेवटपर्यंत पाळली गेली.

या कामात पहिला हिशोब पैशांचा नसून अँपिअरचा असतो, आणि तो न मांडता खरेदीला निघणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे माप. या पद्मिनीत बॅटरी भरण्यासाठी अल्टरनेटर नसून जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. दोन्ही इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज करतात, परंतु इंजिन मंद चालत असताना, म्हणजे सिग्नलला उभे असताना, अल्टरनेटर थोडीफार वीज देत राहतो आणि डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. तेव्हा ‘कटआउट’ नावाची पेटी डायनॅमोला बॅटरीपासून तोडते, अन्यथा बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी होऊ लागेल. गाडी वेगात असतानाही त्या काळच्या डायनॅमोची मजल वीस-बावीस अँपिअरपर्यंतच असते. त्यातून पंचेचाळीस वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर घेतात, इग्निशन कॉइल सुमारे तीन, वायपर तीन, मागचे दिवे आणि मीटरमधले दिवे मिळून दोन. म्हणजे पावसाळ्याच्या रात्री जुन्या मुंबई रस्त्याने गाडी चालली असताना गाण्यासाठी पाच अँपिअरदेखील जेमतेम उरतात. कामाचे सारे निर्णय या पाच अँपिअरमधून निघाले. अल्टरनेटर बसवला असता तर प्रश्न सुटला असता, पण बजेटचा मोठा वाटा त्यातच गेला असता आणि बॉनेटखालचे मूळ रूपही गेले असते.

पाच अँपिअरमध्ये गाणे होईल का, या शंकेचे उत्तर अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांत शोधू नये. डॅशबोर्डमध्ये बसणाऱ्या साध्या संचावर ‘50 वॅट गुणिले 4’ असे ठळक लिहिलेले असते. चालत्या गाडीतील विजेचा दाब जास्तीत जास्त 14.4 व्होल्ट धरला, आणि दाब वाढवणारे वेगळे मंडल आत नसेल, तर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, सलग असा सुमारे 26 वॅटचाच आवाज सिद्धांततः देता येतो. ओहम हे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप आहे, आणि दाबाच्या वर्गाला अडथळ्याने भागणारे शाळेतील सूत्र लावून येणाऱ्या आकड्याचे निम्मे केले, कारण ध्वनीचा दाब सतत शिखरावर न राहता वर-खाली होतो, की हा आकडा कोणालाही काढता येतो. खोक्यावरचा आकडा क्षणिक आणि विकृत शिखराचा असतो. पण खरी दिलासा देणारी गोष्ट याच्या पुढे आहे : संगीत सतत शिखरावर नसते. तबल्याची थाप क्षणभर भरपूर शक्ती मागते आणि दोन थापांमधल्या जागेत मागणी अगदी खाली येते. सरासरी काढली तर ती शिखराच्या एका लहान अंशाएवढीच भरते. क्षणिक मागणी बॅटरी पुरवते, सरासरी मागणी डायनॅमोने पुरवली म्हणजे झाले. त्यामुळे ‘क्लास डी’ प्रकारचा, म्हणजे आतले ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून वीज उष्णतेत फारशी न दवडणारा, चार वाहिन्यांचा लहान अ‍ॅम्प्लिफायर निवडला गेला आणि मीटर लावून पाहिले तेव्हा नेहमीच्या आवाजात त्याची भूक दोन अँपिअरच्या आत राहिली.

याच संदर्भात ‘संवेदनक्षमता’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते हे माप. डेसिबलचे गणित असे आहे की शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. म्हणून 85 डेसिबलचा स्पीकर काढून 91 डेसिबलचा बसवला, तर अ‍ॅम्प्लिफायर चौपट केल्याचा परिणाम जराही वीज न वाढवता मिळतो. हा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो आणि गिऱ्हाईक तो वाचत नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. मोजक्या पैशांत काम करणाऱ्याला सगळ्या खोक्यावर त्याच्याइतका उपयोगाचा आकडा दुसरा नाही.

तारेच्या बाबतीत या कामात एक फटका बसला आणि त्याची नोंद करणे आवश्यक आहे. एका दुकानातून तांब्याची म्हणून आणलेली लाल जाड तार बसवल्यावर फ्यूजच्या होल्डरजवळ हाताला गरम लागू लागली. टोक कापून ब्लेडने खरवडताच तांबूस मुलाम्याखाली चंदेरी धातू दिसला. ती अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार होती. अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे साठ टक्के असते, शिवाय स्क्रूखाली ते हळूहळू दबून जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. जुन्या गाडीत, जिथे कापूस, रेक्झिन आणि पेट्रोल हाताच्या अंतरावर असतात, तिथे तापणारा जोड हा केवळ आवाजाचा प्रश्न राहत नाही. ती तार काढून बुधवार पेठेतील तापकीर गल्लीतून अस्सल तांब्याची 10 चौरस मिलिमीटरची तार आणली गेली. जाडीचा फरक किती पडतो ते आकड्यांत पाहावे : चार मीटर लांबीच्या, दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून क्षणभर 15 अँपिअर वाहिले तर जवळजवळ 0.7 व्होल्ट तारेतच खर्च होतात. 10 चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती 0.1 व्होल्टवर येते. तार बॅटरीपासून निघाल्यावर दीड फुटाच्या आत फ्यूज घातला, टोकांना थिंबल दाबून बसवले, आणि इंजिनच्या बाजूने आत येण्यासाठी मीटरच्या केबलचे मूळ रबरी बूच वापरले, जेणेकरून अट मोडली जाऊ नये आणि पत्र्याच्या धारेने तार कापलीही जाऊ नये.

परतीच्या मार्गाची कथा याहून महत्त्वाची आहे. मोटारीत विजेच्या दुसऱ्या टोकासाठी वेगळी तार क्वचितच ओढतात. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि सारा पत्राच परतीची तार बनतो. (अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत नेमके धन टोक सांगाड्याला असते, त्यामुळे कोणत्याही जुन्या गाडीत पहिला हात लावण्यापूर्वी हे मीटरने तपासले पाहिजे, न तपासता जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर क्षणात जळतो.) कारागीर या जोडाला ‘अर्थ’ म्हणतात. जमिनीत तांब्याची पट्टी पुरलेल्या घरच्या अर्थिंगशी त्याचा तत्त्वतः संबंध नाही, पण शिस्त तीच लागते. स्फोटकांच्या कारखान्यांत अंगावरील स्थिर वीज जमिनीत सोडल्याशिवाय कामाच्या जागी पाऊल ठेवायचे नाही, असा दंडक असतो, आणि ज्यांनी अशा कारखान्यांत हयात घालवली त्यांना अर्थच्या जोडाकडे दुर्लक्ष करणारा माणूस मुळात समजतच नाही.

तरीही चूक झाली. पहिल्यांदा सगळे जोडून गाडी सुरू केली, तेव्हा गाण्यामागे एक बारीक, चिरका सूर ऐकू येऊ लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो सूर चढू लागला. कारण शोधताना इंजिन चालू ठेवून एकेक जोड सुटा करून पाहण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. मोबाइलमधून बिनतारी येणारे गाणे पकडणारी छोटी पट्टी डॅशबोर्डच्या पत्र्याला अर्थ केली होती, अ‍ॅम्प्लिफायर सीटखालच्या पत्र्याला. या दोन जागांमधल्या पत्र्यातून डायनॅमोचा आणि दिव्यांचा प्रवाह वाहत असल्याने दोन्ही ठिकाणचा दाब किंचित वेगळा होता, आणि तो हजाराव्या भागातला फरक अ‍ॅम्प्लिफायरने इमानाने मोठा करून ऐकवला. तांत्रिक भाषेत यास अर्थचे वेटोळे म्हणता येईल. त्यातच सीटखालच्या बोल्टच्या वॉशरखाली जुन्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा राहून गेला होता. तो रंग कानशीने घासून पत्रा चकचकीत केला, दात्यांचा वॉशर घातला, वरून गंज न चढण्यासाठी ग्रीसचा हात फिरवला, आणि सगळ्या उपकरणांचे अर्थ त्या एकाच बोल्टवर आणले. सूर बराचसा गेला. जो उरला तो त्या छोट्या पट्टीला पाच व्होल्ट देणाऱ्या स्वस्त रूपांतरकाचा होता. संकेताच्या मार्गात शंभर-सव्वाशे रुपयांचा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन तारांना विजेने न जोडता केवळ चुंबकत्वाने संकेत पुढे पोहोचवणारा, घातल्यावर तोही थांबला. इंजिन चालू, गाणे बंद आणि आवाजाची खुंटी पूर्ण फिरवलेली, अशा स्थितीत स्पीकरला कान लावल्यावर काहीही ऐकू आले नाही. एवढ्या सगळ्या कामात सर्वांत समाधानाचा क्षण हाच होता.

मूळ रेडिओ मालकांना ठेवायचा होता आणि तो चालवायचा होता. मोटारीतील रेडिओ 1930 मध्ये अमेरिकेत मोटोरोला या नावाने सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. आपल्याकडे मात्र तो दीर्घकाळ चैनीची वस्तू राहिला. या गाडीतला रेडिओ दोन खुंट्यांचा, केवळ मीडियम वेव्ह पकडणारा आहे आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र त्यावर 792 किलोहर्ट्झला लागते. 1955 च्या 1 एप्रिलपासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते ज्या केंद्रावरून घरोघरी गेली, ते हे केंद्र. मीडियम वेव्हची अडचण अशी की तिच्यात रेडिओलहरीची उंची हीच माहिती असते, आणि जवळपास पडलेली प्रत्येक ठिणगी त्या उंचीत मिसळते. इंजिनच्या प्रत्येक प्लगमध्ये तर सतत ठिणगी पडत असते. म्हणून प्लगच्या टोप्या अडथळा असलेल्या बसवल्या, कॉइलवर कंडेन्सर, म्हणजे वेगवान तरंगांना परस्पर सांगाड्याकडे वळवणारा घटक, लावला, आणि झिजलेले पॉइंट बदलले. यात रेडिओ तर स्वच्छ झालाच, पण सकाळी गाडीही एका सेल्फमध्ये सुरू होऊ लागली.

मोबाइलचे गाणे याच रेडिओच्या खुंटीने नियंत्रित व्हावे, यासाठी रेडिओची पेटी उघडून आवाजाच्या खुंटीमागील फिरत्या रोधकाच्या वरच्या टोकाला कपॅसिटरमधून नवा संकेत आणून जोडला आणि मधल्या टोकाकडून अ‍ॅम्प्लिफायरला नेला. डॅशबोर्डच्या खाली एक लपवलेली कळ आहे. ती एका बाजूला केली की आकाशवाणी, दुसऱ्या बाजूला केली की मोबाइल. दर्शनी भागावर काहीही बदललेले नाही.

आता पत्र्याकडे वळले पाहिजे. दाराचा बाहेरचा पत्रा हा एक मोठा पडदा आहे. रस्त्याचा आणि इंजिनचा कंप मिळताच तो वाजतो, आणि मंद्र स्वर सुरू झाले की तेही त्याला हलवतात. यावर ब्युटाइल रबराच्या चिकट शीट मिळतात, ज्यांच्या एका अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. कंप आला की मधले रबर दोन पत्र्यांमध्ये तिरके ताणले जाते आणि कंपाची ऊर्जा किंचित उष्णता होऊन विरते. संपूर्ण दार मढवण्याची गरज नसते. पत्र्याच्या मध्यभागी सुमारे चौथा हिस्सा व्यापला की परिणामाचा मोठा वाटा पदरात पडतो, आणि ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याने हे लक्षात ठेवावे. खूण सोपी आहे : शीट लावण्यापूर्वी बोटाच्या पेराने ठोकले तर दार ‘टण्ण’ असे बोलत होते, नंतर ‘थप्प’ असे बोलून गप्प झाले. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती बुजवली तर पुण्याच्या पावसाळ्याचे पाणी आत साचून दोन वर्षांत पत्रा खाते, त्यामुळे शीट त्यांच्या चार बोटे वरच थांबवली. दारांचे कडक झालेले बीडिंग रबर बदलले आणि तिकोनी काचेच्या फटीतून येणारी शीळ नव्या रबराने बंद झाली. गोंगाट जितका खाली येतो तितकी गाण्याला शक्ती कमी लागते, म्हणजे हे सारे पुन्हा त्या पाच अँपिअरच्याच हिशोबात जमा होते.

स्पीकर कोठे बसवावेत हा प्रश्न दारांना भोक पाडायचे नाही म्हटल्यावर अवघड झाला, पण त्याचे उत्तर दारापेक्षा चांगले निघाले. पुढे बसणाऱ्यांच्या पायांच्या बाहेरच्या बाजूस, डॅशबोर्डखालच्या कोपऱ्यात, बारा मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचे दोन तिरपे खोके करून ते उंबरठ्याच्या पट्टीच्या मूळ स्क्रूंनीच आवळले. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे दारातला उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी आणि डावा पार पलीकडे असतो व गायक उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. पुढच्या कोपऱ्यांत गेल्यावर दोन्ही अंतरांतील तफावत कमी होते आणि स्वर समोरून येतो. मागच्या फळीवर काहीही बसवले नाही, कारण गाणारा माणूस पाठीमागे असावा असे कोणत्याही बैठकीत घडत नाही.

खोके बंद असणे महत्त्वाचे आहे. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन्ही लहरी मोकळेपणाने भेटल्या तर मंद्र स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मंद्र सप्तकासाठी आठ इंची बसका वूफर जुन्या बाजारातून, एका मोडीत निघालेल्या गाडीतून आलेला, नऊशे रुपयांत मिळाला. अशी खरेदी करताना शंकूवर चारही बोटे समान दाबून तो हलकेच आत-बाहेर करावा. खरखर जाणवली तर आतले वेटोळे चुंबकाला घासते आहे. मग मीटर लावावा. 4 ओहमचा निरोगी स्पीकर साधारण 3.2 ते 3.6 ओहम दाखवतो. हा वूफर समोरच्या सीटखाली सुमारे सोळा लिटरच्या लांबट खोक्यात बसला आणि खोक्यात गादी कारखान्यातून आणलेला उशीचा कृत्रिम कापूस सैल भरला, ज्यामुळे आतली हवा प्रत्यक्षाहून थोडी मोठी असल्यासारखी वागते.

बारीक स्वरांच्या ट्वीटरला, म्हणजे तार स्वरांसाठीच्या चिमुकल्या स्पीकरला, एक कपॅसिटर राखणदार म्हणून लागतो. 4 ओहमच्या ट्वीटरला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे 4,000 हर्ट्झच्या खालचे स्वर अडवू लागतो, 4.7 मायक्रोफॅरडचा सुमारे 8,500 हर्ट्झच्या खालचे. पहिल्याने भजनातील झांज कानाला टोचू लागली, दुसऱ्याने तिची धार हरवली, 6.8 मायक्रोफॅरडवर झांज पितळेची वाटली आणि तोच कायम झाला. या एका बदलाचा खर्च चहाच्या दोन कपांएवढा होता.

जोडणीतील एक बारकावा मात्र पैशाने नव्हे, लक्ष देऊनच साधतो. स्पीकरला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. दोहोंपैकी एकाची टोके उलटी लागली तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध ऐकू यायचा गाणाऱ्याचा आवाज कुठेच ठरत नाही. खुणा पुसलेल्या जुन्या स्पीकरला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवून पाहावे. शंकू बाहेर उचलला तर सेलचे धन टोक ज्याला लागले ते धन. ‘गीतरामायणा’सारखी जुनी ध्वनिमुद्रणे तर एकमार्गी आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला तंतोतंत एकच आवाज जातो, अशा मुद्रणात टोके बरोबर असतील तर गायक नेमका डॅशबोर्डच्या मधोमध, रेडिओच्या जागी उभा राहतो, आणि चुकली असतील तर विरून जातो. याहून चांगली परीक्षा नाही.

शेवटची जुळवाजुळव कानाने झाली. त्यासाठी तानपुरा वापरला, कारण त्याचा नाद अखंड असतो आणि त्यात दाराची थरथर, ग्लोव्ह बॉक्समधल्या नाण्याचा खणखणाट किंवा सैल स्क्रू लपत नाही. डग्ग्याच्या घुमाऱ्याने वूफरची पातळी ठरली, आणि ती मालकांच्या सूनबाईंनी सुचवल्यावर आणखी थोडी उतरवली गेली. अलीकडे मिरवणुकीतील भिंतीएवढ्या आवाजाला ‘डॉल्बी’ म्हणण्याची रीत पडली आहे आणि गाडीतही छातीत धडकी भरवणारा आवाज म्हणजे उत्तम, असे पुष्कळांना वाटते. बायाँवरची मींड ऐकू आली पाहिजे असे ज्याला वाटते त्याचा मार्ग वेगळा आहे.

खर्चाचा तपशील असा लागला : तार, फ्यूज, थिंबल व रिले 2,400 रुपये, शीट, फोम व बीडिंग 3,600, पुढचे दोन स्पीकर 2,800, वूफर 900, अ‍ॅम्प्लिफायर 5,200, बिनतारी पट्टी, ट्रान्सफॉर्मर व किरकोळ सुटे भाग 700, प्लाय आणि रेक्झिन 1,400, एकूण 17,000. म्हणजे अठरा हजारांच्या मर्यादेतील नेमका एक तृतीयांश, सहा हजार रुपये, स्वतः कधीच न वाजणाऱ्या वस्तूंवर गेला, आणि बाकीच्या वस्तू ज्या ऐकू येतात त्या या सहा हजारांमुळे. उरलेल्या हजारात बॅटरीची टोके, ज्यांवर पांढरा थर चढला होता, ती बदलली गेली.

काम पूर्ण झाल्यावर मूळ स्पीकर, त्याची जाळी आणि निघालेले जुने स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, पिशवीवर जागा लिहून, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून मालकांच्या माळ्यावर ठेवले गेले. फ्यूज कोठे, अर्थचा बोल्ट कोणता, कोणत्या रंगाची तार कोठे जाते, याचा नकाशा पेन्सिलीने काढून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवला. डाव्या मागच्या दारात मंद्र षड्जाच्या आसपास एक बारीक थरथर अजून उरली आहे; ती काच उतरवण्याच्या यंत्रणेतली असावी, आणि पावसाळा संपून दार पुन्हा उघडता येईल तेव्हा ती पाहायची आहे.